पिकअपचं इंजिन उघडायची वेळ येऊ नये म्हणून

दोन वर्षांपूर्वी टोमॅटोचा हंगाम ऐन भरात असताना माझी पिकअप अकरा दिवस गॅरेजला उभी होती. रेडिएटरच्या वरच्या होस पाइपाची क्लिप सैल झाली होती. तिच्याखाली हिरवट-पांढरी खपली धरलेली मला दोन आठवडे दिसत होती. रोज बॉनेट उघडायचो, ऑईलची पट्टी बघायचो, ती खपलीही बघायचो आणि बॉनेट लावून खेपेला निघायचो. एका दुपारी भिवंडीहून टाइल्स भरून परत येताना माळशेज अर्धा चढलो आणि टेंपरेचरचा काटा झपकन वर गेला. एवढं वळण संपवून बाजूला घेऊ म्हणेपर्यंत हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील करणारी पातळ पट्टी) गेलं. हेड काढलं, फेसिंग केलं म्हणजे घासून सपाट केलं, नवं गॅसकेट, नवे बोल्ट, ऑईल, कूलंट, मजुरी मिळून 35,000 रुपये झाले. बुडालेलं भाडं वेगळं. क्लिप साठ रुपयांची होती.

हा लेख ज्यांनी नुकतीच पिकअप घेतली आहे आणि जे स्वतःच ती चालवतात, त्यांच्यासाठी आहे. बोलेरो पिकअप असो, योद्धा असो की दोस्त, इंजिनाची ताकद आणि सिलिंडर कमीजास्त असतील, पण 2017 नंतरच्या बीएस-4 आणि 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांचा मूळ कारभार सारखाच: कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांसाठी मोठ्या दाबाने डिझेल धरून ठेवणारी एकच नळी), टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) आणि संगणकाच्या हुकमाने डिझेल फवारणारे इंजेक्टर. अशा इंजिनाच्या आतलं काम घरी करता येत नाही आणि करूही नये. पण ते इंजिन ज्या चार गोष्टींवर जगतं, त्या हवा, डिझेल, ऑईल आणि पाणी या चारही गोष्टी बाहेरूनच आत जातात आणि त्यांच्या वाटा आपल्या हाताला लागतात. होस, क्लिप, फिल्टर, पट्टा, वायसर ही मोडण्याआधी बदलायची असतात. घरच्या घरी करायची दुरुस्ती ती एवढीच, आणि तेवढीही नेमाने केली तर खूप आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर ठरलेली सर्व्हिस कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करा आणि पावत्या जपा. खाली सांगितलेली तपासणी मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करा, तिला कुणाची हरकत नाही.

जागा आणि हत्यारं

सपाट, शक्यतो फरशीची किंवा कोब्याची जागा बघा. मातीत काम केलं की खाली पडलेला वायसर सापडत नाही आणि वाऱ्याने उडालेली धूळ उघड्या पाइपात जाते. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. पिकअप मुळातच उंच असते, ऑईल काढायला जॅकची गरज पडत नाही. कधी लावावाच लागला तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. खाली लाकडाचे भक्कम ठोकळे किंवा स्टँड हवेतच.

रिंग पान्यांचा संच, सॉकेट सेट, पकड, दोन स्क्रू ड्रायव्हर, ऑईल फिल्टर काढायचा पट्टा-पाना, जुनं ऑईल धरायला एक रुंद घमेलं, नरसाळं, सुती फडकी आणि डोक्याला बांधायची बॅटरी, एवढ्यात सगळं होतं. एक पारदर्शक पाण्याची बाटलीही ठेवा. ती का, ते पुढे येईल.

इंजिन चालू असताना बॉनेटखाली वाकायचं तर गळ्यातला टॉवेल आधी काढून सीटवर ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक ड्रायव्हरच्या गळ्यात टॉवेल असतो आणि फॅनच्या पट्ट्याला त्याचं एक टोक पुरतं.

सकाळची पाच मिनिटं

गाडी सुरू करायच्या आधी, इंजिन गार असताना हे बघायचं. आधी गाडीखाली. मी रात्री पुढच्या भागाखाली डाळिंबाच्या पेटीचा एक पुठ्ठा सरकवून ठेवतो. सकाळी त्यावर काय पडलंय ते स्वच्छ दिसतं. काळा किंवा तपकिरी चिकट डाग म्हणजे ऑईल. हिरवट, लालसर किंवा निळसर, बोटाला बुळबुळीत लागणारं म्हणजे कूलंट. लवकर पसरणारा, वास मारणारा डाग म्हणजे डिझेल. एसीचं पाणी साधं असतं, त्याची काळजी नको. डाग पुठ्ठ्यावर नेमका कुठे पडला यावरून वर कुठे बघायचं तेही कळतं.

मग ऑईलची पट्टी काढा, पुसा, परत पूर्ण घाला आणि पुन्हा काढून बघा. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. नवीन मंडळी एक चूक हमखास करतात, ती म्हणजे जास्त असलेलं बरं म्हणून वरच्या खुणेच्या वर ऑईल भरणं. डिझेल इंजिनात हे धोक्याचं आहे. जास्तीचं ऑईल क्रँक (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) घुसळतो, त्याचा फेस होतो आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या, पाइपातून ते हवेच्या वाटेने इंजिनात ओढलं जाऊ शकतं. तसं झालं तर इंजिन आपलंच ऑईल जाळत सुटतं, किल्ली बंद केली तरी थांबत नाही, रेस वाढतच जाते.

पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑईलमध्ये डिझेल किंवा कूलंट उतरतंय असा त्याचा अर्थ. पट्टी नाकाजवळ नेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला किंवा ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी सुरूच करू नका.

शेवटी कूलंटच्या बाटलीची पातळी बघा आणि सगळ्या होसवरून एकदा नजर फिरवा. झालं.

पाणी

माझ्या ओळखीतल्या ज्या गाड्यांची इंजिनं उघडावी लागली, त्यांतली बरीचशी पाण्यामुळेच उघडली. म्हणून यावर सगळ्यांत जास्त लिहितो.

पहिली गोष्ट, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. अंघोळीच्या बंबात किंवा गिझरच्या कॉइलवर किती क्षार धरतो ते आपण घरी बघतोच. तोच थर इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये धरतो. क्षार उष्णता अडवतो. वरून काटा मधोमध दिसतो आणि आत हेडचा एखादा कोपरा भाजत असतो. कूलंट पुस्तिकेत सांगितलेलंच घ्या. तयार मिसळलेलं मिळतं ते उत्तम. घट्ट मिळालं तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, बहुतेक ठिकाणी निम्मं-निम्मं, मिसळा. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं बरेच जण विचारतात. गोठण्यापासून वाचवणं हे त्याचं एक काम झालं. गंज धरू न देणं आणि उशिरा उकळणं ही दोन कामं आपल्या उन्हाळ्यात जास्त मोलाची आहेत.

रेडिएटरची कॅप हा नुसता झाकण म्हणून बसवलेला तुकडा नव्हे. ती आत दाब धरून ठेवते, आणि त्या दाबामुळे साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर कडक झालं, चिरलं, की दाब सुटतो आणि घाटात पाणी लवकर उकळायला लागतं. रबरावर नखाने दाबून बघा, खूण उमटून परत भरली पाहिजे. इंजिन गरम असताना कॅप कधीही उघडू नका. दाब सुटताक्षणी आतलं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होस हाताने दाबून बघा, तो मऊ आणि गार लागला तरच फडकं धरून हळू फिरवा.

आता होस बदलायचं काम सविस्तर. नवशिक्याने सुरुवात याच कामापासून करावी.

इंजिन गार असताना होस बोटांनी दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत जा. चांगला होस टणक पण लवचीक असतो. लाकडासारखा कडक झालेला, दाबल्यावर आत करकर वाजणारा, क्लिपेजवळ फुगलेला किंवा तेल लागून लिबलिबीत झालेला होस बदलायचा. तो अजून फुटलेला नाही, याला काही अर्थ नाही. खालच्या होसकडे लोक बघत नाहीत, कारण तिथे हात पोचायला त्रास होतो. नेमका तोच तपासा.

रेडिएटरच्या खालच्या नळीतून कूलंट स्वच्छ घमेल्यात काढून घ्या. क्लिप सैल करून मागे सरकवा. होस निघत नसेल तर पिळून ओढू नका. आजकाल रेडिएटरची तोंडं प्लास्टिकची असतात आणि जोर लावला की होससकट तोंडच हातात येतं. जुना होस फेकायचाच आहे, तर ब्लेडने त्याला तोंडावर उभी चीर द्या आणि केळाच्या सालीसारखा सोलून काढा. तोंडावरचा क्षार बारीक पॉलिश पेपरने घासा. बोट फिरवल्यावर कुठेही खरखर लागता कामा नये. नवा होस चढवताना ग्रीस लावू नका, तोंडाला थोडं कूलंटच चोपडलं की तो सरकतो. तोंडाला जो उठलेला काठ असतो, त्याच्या मागे क्लिप बसली पाहिजे. काठावर बसली तर ती आज ना उद्या घसरणार. क्लिपही नवीन घ्या. माझं गॅसकेट जुन्या क्लिपेने घेतलं.

कूलंट हळूहळू भरा, म्हणजे हवा वर येत राहते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, कॅप उघडी ठेवूनच गार इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बहुतेक इंजिनांत 80 अंशांच्या पुढे उघडतो. तो उघडला की वरचा होस एकदम गरम लागतो आणि रेडिएटरमधली पातळी खाली बसते. तेवढं कूलंट घाला, कॅप लावा, एक चक्कर मारून या. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघा आणि क्लिपा अर्धा आटा आवळा. रबर पहिल्या गरमीत थोडं बसतं.

थर्मोस्टॅटबद्दल एक सवय मोडायला हवी. गाडी गरम होते म्हणून कुणीतरी तो काढून टाकायचा सल्ला देतं आणि काटा खरंच खाली येतो. पण मग इंजिन कायम गारच चालतं. डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन खाली उतरतं, काजळी वाढते. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून जुन्या पातेल्यात पाण्यात टाका आणि गॅसवर ठेवा. पाणी उकळायला येण्याआधी त्याची चकती उघडताना डोळ्यांनी दिसते. नाही उघडली तर नवा बसवा.

रेडिएटरच्या जाळीत कांद्याची सालं, किडे, माती अडकते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या नळाने पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा जवळून मारला तर पत्र्याच्या बारीक पाकळ्या वाकतात आणि हवाच जायची बंद होते.

डिझेल

कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब दीड हजार बारच्या घरात आणि काही इंजिनांत त्याच्याही वर जातो. अंदाज यावा म्हणून सांगतो, पिकअपच्या मागच्या टायरमध्ये 60 पीएसआय हवा भरली तर ते होतात जेमतेम चार बार. एवढ्या दाबाने डिझेल सोडणाऱ्या इंजेक्टरच्या आतली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. अशा फटीत पाण्याचा थेंब गेला की गंज आणि धुळीचा कण गेला की ओरखडा. इंजेक्टर आणि हायप्रेशर पंप ही गाडीतली सगळ्यांत महागडी कामं, आणि त्यांना वाचवतो तो डिझेल फिल्टर.

फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू किंवा नळी असते. खाली ती पारदर्शक बाटली धरा, स्क्रू दोन आटे सैल करा आणि पेलाभर डिझेल येऊ द्या. काही गाड्यांत ते वाहायला वरचा हवेचा स्क्रू सैल करावा लागतो किंवा फिल्टरजवळचा डिझेलचा छोटा हँडपंप दाबावा लागतो. मग बाटली दहा मिनिटं न हलवता बॉनेटवर ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं, डिझेल वर राहतं, आणि मधली रेघ आरशासारखी स्पष्ट दिसते. एका पावसाळ्यात माझ्या बाटलीत तळाला दोन बोटं पाणी आलं होतं, त्यात तांबूस गाळ. गाडी तोपर्यंत काहीही कुरकुर करत नव्हती. मी पुन्हा पुन्हा काढत राहिलो, चौथ्या वेळी बाटली एकसारखी सोनेरी आली. फिल्टर त्याच दिवशी बदलला. आता मी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पाणी काढतो. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर तिथेच, त्याच मिनिटाला.

संध्याकाळी टाकी भरून ठेवायची सवय लावा. रिकाम्या टाकीत रात्री गारव्याने हवेतला ओलावा पत्र्याला धरतो आणि डिझेलमध्ये उतरतो.

फिल्टर बदलताना आजूबाजूची माती आधी फडक्याने आणि ब्रशने साफ करा. नवा फिल्टर पाकिटातून शेवटच्या क्षणी काढा. पटकन सुरू व्हावी म्हणून तो कॅनमधल्या डिझेलने भरून बसवायची पद्धत जुनी आहे. कॉमन रेलला ती करू नका, कारण वरून ओतलेलं डिझेल गाळलेल्या बाजूला जातं आणि त्यातली घाण थेट पंपात पोचते. कोरडाच बसवा आणि हँडपंप दाबत राहा. आधी तो मोकळा लागतो, मग हळूहळू हाताला घट्ट येतो. फिल्टरच्या वरचा हवेचा स्क्रू थोडा सैल केला की फेसाळ डिझेल येतं. बुडबुडे थांबून सलग धार आली की तो आवळा. ज्या गाडीत टाकीतच इलेक्ट्रिक पंप आहे, तिथे किल्ली तीन-चारदा ऑन-ऑफ केली की हवा निघते.

आमचे तात्या जुना टेंपो चालवायचे. एअर धरली की नोझलचे नट सैल करायचे, स्टार्टर मारायचे आणि डिझेल उडालं की आवळायचे. त्या इंजिनाला ते चालायचं. कॉमन रेलच्या लोखंडी नळ्यांना पाना लावायचा नाही, आणि इंजिन चालू असताना गळती बोटाने शोधायची तर मुळीच नाही. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. वर टाचणी टोचल्याएवढं दिसतं, आत डिझेल पसरत जातं आणि बोट गमवायची वेळ येते. असं कधी झालंच तर दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना दाबाने डिझेल घुसलंय हे स्पष्ट सांगा.

हवा

एक लिटर डिझेल पुरतं जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. नारायणगावहून वाशीला जाताना पंधरा लिटर डिझेल जळालं तर दीड लाख लिटर हवा त्या एका फिल्टरमधून गेली. आता त्यात बांधावरचा कच्चा रस्ता, खडी क्रशरजवळचा पट्टा आणि काम चालू असलेला हायवे धरा.

फिल्टर काढल्यावर तो टायरवर आपटू नका, कागद फाटतो. कंप्रेसरची हवा मारायची तर दाब कमी ठेवून आतून बाहेर मारा. मग आत बल्ब धरून अंधारात बघा. कुठे टिकलीएवढा जरी उजेड आरपार दिसला तर तो फिल्टर गेला. दोन-तीनदा साफ केल्यावर नवाच घ्या. आत दुसरा छोटा फिल्टर असेल तर त्याला हवा मारायचीच नाही, तो मळला की बदलायचा.

पण फिल्टरपेक्षा महत्त्वाची तपासणी त्याच्या पुढे आहे, आणि ती फार थोडे लोक करतात. फिल्टरपासून टर्बोपर्यंत जाणाऱ्या रबरी पाइपाची क्लिप सोडा आणि बोटाला पांढरं फडकं गुंडाळून पाइपाच्या आतून फिरवा. फडकं स्वच्छ किंवा ब्रीदरच्या तेलाने किंचित ओलसर आलं तर ठीक. त्यावर लालसर माती आली, बोटांत चोळल्यावर कचकच लागली, तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जातेय. डब्याची पिन नीट लागली नसेल, फिल्टरचं रबर दुमडलं असेल किंवा पाइपाला घडीत चीर असेल. ती शोधून बंद केल्याशिवाय गाडी हलवू नका. टर्बोचं चाक मिनिटाला लाखापेक्षा जास्त फेरे घेतं, माती त्याची पाती खाते आणि पुढे रिंगा-पिस्टन घासते. इंजिन ऑईल खायला लागलं की लोक ऑईलचा ब्रँड बदलतात. मी आधी हे फडकं फिरवतो.

टर्बोच्या पुढचे, इंटरकूलरकडचे (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीकडचे) पाइप सुटले किंवा चिरले तर उलट होतं. भरलेली हवा बाहेर सुटते, गाडी ओढत नाही, काळा धूर मारते आणि रेस केल्यावर फुस्स आवाज येतो. तिथेही क्लिपच बघायची.

घाट चढून वर आल्यावर किंवा हायवेवरून थेट मार्केटच्या गेटवर थांबल्यावर किल्ली लगेच बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटं आयडलला राहू द्या. टर्बोच्या बेअरिंगला गार करणारं ऑईल इंजिन चालू असेपर्यंतच फिरतं. एकदम बंद केलं की तिथलं ऑईल जळून त्याचा कोळसा होतो.

ऑईल

कोणतं ऑईल घालायचं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि तेच घालायचं. बऱ्याच पिकअपना 15डब्ल्यू-40 चालतं, पण त्यापुढची अक्षरंही वाचा. ज्या बीएस-6 गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवून जाळणारा, सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर) आहे तिला कमी राखेचं ऑईल लागतं. जुन्या गाडीचं उरलेलं तिच्यात घातलं तर डीपीएफ राखेने भरतो, आणि ती राख जाळून निघत नाही.

काम असं. गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ऑईल पातळ होतं आणि घाण तरंगती राहते. ऑईल भरायचं वरचं झाकण उघडा. खालच्या ऑईल चेंबरच्या नटाखाली घमेलं ठेवा, नट हाताने शेवटचे आटे फिरवताना तो आतल्या बाजूला दाबून धरा आणि मग झटकन बाजूला घ्या, म्हणजे गरम ऑईल मनगटावर येत नाही. थेंब थेंब होईपर्यंत थांबा. या वेळात नट पुसून त्याला काय चिकटलंय ते बघा. राखाडी मलईसारखा बारीक थर नेहमीचा. नखाला टोचेल असा चकाकता धातूचा तुकडा निघाला तर काम तिथेच थांबवून मिस्त्रीला दाखवा. वायसर दर वेळी नवा घाला. जुना चपटा झालेला असतो, मग गळती थांबवायला नट जास्त आवळला जातो आणि चेंबरचे आटे जातात.

जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना, ते बोट फिरवून खात्री करा. दोन रबरं एकावर एक बसली तर सुरू केल्यावर सगळं ऑईल बाहेर फेकलं जातं. नव्या फिल्टरच्या रबराला ऑईल लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून पाऊण फेरा. पान्याने आवळायची गरज नाही. मापाच्या अर्धा लिटर कमी भरून सुरू करा, रेस न करता ऑईलचा दिवा जाईपर्यंत बघा, अर्ध्या मिनिटाने बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी बघून उरलेलं घाला.

काढलेलं काळं ऑईल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, तिथून ते गोळा करणारे नेतात. ओढ्याकडेला किंवा विहिरीजवळ ओतू नका. जनावरं तेच पाणी पितात.

बाकीचं थोडक्यात

फॅनच्या पट्ट्याच्या आतल्या रेघांना चिरा पडल्या किंवा कडा सुटल्या की बदला आणि जुना पण चालणारा पट्टा सीटमागे ठेवा. टायमिंगचा पट्टा असलेलं इंजिन असेल तर पुस्तिकेतल्या किलोमीटरला तो गॅरेजमध्ये बदलून घ्या, त्यात पुढे ढकलाढकल नको. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यात सोडा घालून धुवा, वर व्हॅसलीन लावा. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. इंजिनाकडून चेसिसकडे जाणारी अर्थची पट्टीही घासून आवळा. स्टार्टर मंद फिरला की सगळे बॅटरीला दोष देतात, कित्येकदा गंजलेली अर्थ निघते.

डीपीएफचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हायवेवर एकसारख्या वेगाने चालवा. गावातल्या गावात दूध-भाजी फिरवणाऱ्या गाड्यांचा तो जास्त भरतो. ब्लूटूथवर चालणारा साधा स्कॅनर हजारभर रुपयांत मिळतो, चेक लाइट लागल्यावर कोड वाचायला उपयोगी पडतो. कोड फक्त कुठे बघायचं ते सांगतो. ‘बूस्ट कमी’ (टर्बोची हवा कमी) असा कोड आला म्हणून टर्बो मागवू नका, आधी पाइपाची क्लिप बघा.

कुठे थांबायचं

धुराचा रंग लक्षात ठेवा. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा धूर गार सकाळी थोडा वेळ येऊन गेला तर ठीक. इंजिन तापल्यावरही येत राहिला, त्याला गोडसर वास आला आणि कूलंट कमी होत असेल तर ते सिलिंडरमध्ये जातंय.

काळ्या धुराचं मूळ बऱ्याचदा घरी सापडतं. निळा, आणि न थांबणारा पांढरा, यांना मिस्त्रीच लागतो. तसंच खालून ठोक्याचा आवाज, चालू इंजिनात ऑईलचा दिवा लागणं, ऑईल भरायचं झाकण उघडल्यावर आगगाडीसारखी वाफ मारणं, इंजेक्टर, हायप्रेशर पंप, टायमिंग, हेड. यांपैकी काहीही असेल तर किल्ली बंद. काटा वर गेला तर वळण संपायची वाट बघू नका, जिथे जरा जागा मिळेल तिथे बाजूला घ्या, हजार्ड लावा आणि गार होऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो.

मिस्त्रीकडे जाताना नुसतं ‘गाडी ओढत नाही’ सांगितलं की त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून डायरी ठेवा. माझी शाळेची शंभर पानी वही आहे. परवाची नोंद अशी: ‘1,43,210 कि.मी. खालचा होस व दोन्ही क्लिपा बदलल्या. डिझेल फिल्टरमधून पाणी काढलं, चमचाभर निघालं. एअर पाइप आतून स्वच्छ. ऑईल गेल्या वेळेपासून पाव लिटर कमी.’ वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते आणि पेन सुतळीने तिलाच बांधलेलं आहे.